विसावा हिस्सा आणि गंज पेठेतले घर

(३ जानेवारी रोजी सावित्रीमाई फुले जयंतीनिमित्त लखनौमधील चिनहट येथे मराठी भाषक विद्यार्थी व नोकरदारांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर.)



आपण इथे जेमतेम वीस-पंचवीस जण आहोत. कुणी इथल्या बाबासाहेब भीमराव आंबेडकर विद्यापीठात शिकते, कुणी बँकेत आहे, कुणी रेल्वेत, कुणी गोमतीनगरच्या एखाद्या कंपनीत. नांदेड, यवतमाळ, सोलापूर, वर्धा अशा ठिकाणांहून आपण हजार-बाराशे किलोमीटर लांब आलो. आपल्यातल्या बहुतेकांच्या घरात पदवीचा कागद पहिल्यांदा आपल्याच हाताने आला. म्हणून मी आज सावित्रीमाईंवर नेहमीचे भाषण करणार नाही. शेणगोळ्यांचा प्रसंग आपल्याला पाठ आहे. मला त्यांच्या घराच्या हिशेबाबद्दल बोलायचे आहे. पैसा कुठून आला, कुठे गेला, तो कुणी दिला, आणि तो देण्यासाठी घरात कुणी किती सोसले?

हा विषय निवडण्याचे कारण साधे आहे. नोकरी लागली की आपल्यापैकी प्रत्येकाला एक वाक्य ऐकू येते : ‘समाजाचे काहीतरी देणे लागतोस.’ हे वाक्य खरे आहे आणि त्रासदायकही आहे. घरी बहिणीचे लग्न असते, वडिलांच्या औषधाचा खर्च असतो, शिक्षणाच्या कर्जाचा हप्ता असतो. वर समाजाचे देणे. त्यामुळे काही जण अपराधी होतात, काही जण चिडतात, काही जण वर्षातून एकदा चौदा एप्रिलला वह्यावाटप करून फोटो टाकतात आणि मोकळे होतात. समाजशास्त्राची विद्यार्थिनी म्हणून मला प्रश्न पडतो तो असा, की छोट्या पगाराचे, छोट्या गावातले एखादे नवराबायको वर्षानुवर्षे, गाजावाजा न करता, आपल्या वस्तीसाठी देत राहतात ते का? त्यांना त्यातून काय मिळते?

या प्रश्नाची दोन तयार उत्तरे आहेत. एक, पुण्य. दुसरे, नाव. दोन्ही उत्तरे ब्राह्मणी समाजव्यवस्थेच्या दान या कल्पनेतून आली आहेत, म्हणून आधी दानाकडे पाहू.

पेशवाईत श्रावण महिन्यात पुण्याला दक्षिणा वाटली जायची. पर्वतीच्या पायथ्याशी रमणा होता, तिथे देशभरातून ब्राह्मण जमायचे आणि सरकारी खजिन्यातून त्यांना पैसा मिळायचा. खजिना भरायचा कोण? कुणबी, माळी, धनगर, साळी, कोष्टी; म्हणजे रयत. मिळायचे कुणाला? जन्माने ठरलेल्या एका जातीला. यात देणाऱ्याला पुण्य मिळायचे आणि घेणाऱ्याचा मान वाढायचा. दान वरच्या दिशेने जायचे. १८१८ नंतर कंपनी सरकारने ही दक्षिणा पूर्ण बंद केली नाही. १८२१ मध्ये विश्रामबाग वाड्यात संस्कृत पाठशाळा सुरू झाली ती याच पैशातून.

आता याच्या उलट दिशेचे देणे पाहा. गावाच्या खालच्या माणसाला जे मिळायचे त्याला दान म्हणत नसत. शिळी भाकरी, मेलेल्या ढोराचे मांस, सुगीला खळ्यावरचे चार पसे धान्य. त्याला बलुते म्हणत, कधी ‘हक्क’ही म्हणत. पण तो हक्क हात पसरून, अंतर राखून, ‘जोहार मायबाप’ म्हणून घ्यावा लागे. म्हणूनच बाबासाहेबांनी महार वतनाविरुद्ध लढा दिला आणि १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात त्यासाठी विधेयक आणले. त्यांच्या दृष्टीने प्रश्न धान्याच्या मापाचा नव्हता. घेणाऱ्याची मान खाली घालायला लावणारे देणे बंद झाले पाहिजे, हा होता.

मार्सेल मॉस या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने १९२५ मध्ये देणगी या विषयावर एक प्रसिद्ध निबंध लिहिला. त्याचे म्हणणे असे, की फुकट असे काही नसते. प्रत्येक देणे घेणाऱ्यावर परतफेडीचे ओझे टाकते, आणि जो परत करू शकत नाही तो देणाऱ्यापेक्षा लहान होतो. आपल्या आज्यांना हे सांगायला मॉस लागला नाही. ‘मिंधेपणा’ हा शब्द आपल्या भाषेत आहेच. घेण्याची आपली आठवण मिंधेपणाची आहे. त्यामुळे आपण जेव्हा देणारे होतो तेव्हा आपल्यावर दुप्पट जबाबदारी येते. आपल्या देण्याने कुणी मिंधे होता कामा नये.

फुले दाम्पत्याच्या घराचा हिशेब इथे उपयोगी पडतो.

जोतीराव गरीब शिक्षक होते, असे चित्र अनेकांच्या मनात आहे. काही काळ ते स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकवायचे हे खरे. पण ते व्यावसायिकही होते. पुणे कमर्शिअल अँड कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत त्यांचा वाटा होता. बांधकामाला दगड, चुना पुरवण्याची कंत्राटे त्यांनी घेतली. खडकवासल्याच्या धरणाच्या कामाशी त्यांचा संबंध होता. मांजरीला त्यांची शेती होती, तिथे ते कालव्याच्या पाण्यावर ऊस आणि भाजीपाला घेत. पैसा कमावणे त्यांना कमीपणाचे वाटले नाही. कष्टाचा पैसा आणि फुकटचा पैसा यातला फरक मात्र त्यांनी आयुष्यभर सांगितला. हे मी मुद्दाम सांगते, कारण आपल्यात अजून असा समज आहे की चळवळीतल्या माणसाने फाटकेच असले पाहिजे. जोतीरावांनी आधी कमावले, म्हणून त्यांना खर्च करता आले.

मग हा पैसा गेला कुठे? १८४८ मध्ये भिडे वाड्यात मुलींची शाळा. त्यासाठी १८४९ मध्ये वडिलांचे घर सोडावे लागले. त्यानंतर महार-मांगांच्या मुलांसाठी शाळा. १८६३ मध्ये बालहत्या प्रतिबंधक गृह, तेही गंज पेठेतल्या स्वतःच्या घरात. १८६८ मध्ये घराचा हौद अस्पृश्यांसाठी खुला. १८७३ च्या २४ सप्टेंबरला सत्यशोधक समाज. १८७६-७७ च्या दुष्काळात धनकवडीला मुलांसाठी अन्नछत्र.

या यादीत मला तीन गोष्टी दिसतात.

पहिली गोष्ट, त्यांनी घराबाहेर देण्याआधी घराचे दार उघडले. हौद घरातला, बाळंतिणींची खोली घरातली. पैसे देऊन आपले अंगण सोवळे ठेवणारी परोपकाराची पद्धत तेव्हाही होती, आजही आहे. वस्तीत धान्याची पाकिटे पाठवायची आणि भाडेकरू ठेवताना आडनाव विचारायचे. फुले दाम्पत्याचे देणे जातीच्या अंतरावर घाव घालणारे होते, कारण ते अंतर सर्वांत घट्ट असते ते पाण्याजवळ आणि घरात.

दुसरी गोष्ट, ते आपल्या जातीपुरते थांबले नाहीत. बालहत्या प्रतिबंधक गृह मुख्यतः ब्राह्मण विधवांसाठी होते. ज्या जातीच्या वर्चस्वाविरुद्ध जोतीराव गुलामगिरी लिहीत होते, त्याच जातीतल्या फसवल्या गेलेल्या बायका त्यांच्या घरी बाळंत होत होत्या. जोतीरावांनी १८८४ मध्ये नोंदवले आहे की तोवर अशा पस्तीस जणी येऊन गेल्या होत्या. त्यांतल्याच काशीबाईंचा मुलगा, यशवंत, या दाम्पत्याने १८७४ मध्ये दत्तक घेतला. जातीविरोधी असणे म्हणजे एका जातीच्या माणसांचा द्वेष करणे, असे म्हणणाऱ्यांना गंज पेठेतली ती खोली उत्तर देते.

तिसरी गोष्ट आजच्या काळात सर्वांत महत्त्वाची आहे. स्वतःच्या खिशातून देताना त्यांनी सरकारला जबाबदारीतून सोडले नाही. १८४९ मध्ये काही सुधारकांनी दक्षिणेतली काही रक्कम मराठी ग्रंथांसाठी खर्च करावी असा अर्ज केला, तेव्हा सनातनी पुणे खवळले आणि जोतीराव अर्जदारांच्या पाठीशी उभे राहिले. पुढे त्याच दक्षिणा फंडातून त्यांच्या शाळांना अनुदान मिळाले. रमण्यावर उधळला जाणारा रयतेचा पैसा मुलींच्या शाळेपर्यंत आला. पुणे नगरपालिकेचे ते १८७६ ते १८८२ या काळात सदस्य होते. व्हाइसरॉयच्या स्वागतावर एक हजार रुपये खर्चण्याचा प्रस्ताव आला तेव्हा त्यांनी एकट्याने विरोध केला आणि हा पैसा शिक्षणावर खर्च करा असे सांगितले. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे त्यांचे म्हणणे हेच होते, की सरकारचा महसूल शेतकऱ्याच्या घामातून येतो आणि शिक्षणाचा खर्च मात्र वरच्या जातींच्या मुलांवर होतो.

म्हणजे देणे कुणाचे कुणावर आहे, हा हिशेब जोतीरावांनी उलटा मांडला. आपल्याला सांगितले जाते की तू शिष्यवृत्तीवर शिकलास, राखीव जागेवर आलास, आता परत कर. पण पिढ्यान्‌पिढ्या ज्यांनी धरणे बांधली, रस्ते केले, मैला वाहिला, त्यांचे कर्ज या समाजावर आहे. ज्या घराने पिढ्यान्‌पिढ्या वाडे आणि पोथ्या वारशाने घेतल्या, त्या घरातल्या मुलाला कुणी म्हणत नाही की समाजाचे देणे फेड. शिष्यवृत्ती हा आपला हक्क आहे. तिच्याबद्दल उपकृत वाटून घेण्याचे कारण नाही. आपण देतो ते राज्यसंस्थेचे उपकार फेडण्यासाठी देत नाही.

मग कशासाठी देतो? इथे मी चिनहटकडे येते.

चिनहटचे नाव इतिहासाच्या पुस्तकात ३० जून १८५७ च्या लढाईमुळे आहे. पुढे इथली चिनीमातीची भांडी प्रसिद्ध झाली. आज अयोध्या रस्त्याने शहर इथवर येऊन पोचले आहे. मी राहते त्या भागात एक वयस्क दाम्पत्य आहे. त्यांनी सांगितले म्हणून मी नाव, गल्ली, नोकरी काहीच सांगत नाही. निवृत्तिवेतनावर घर चालते. खालच्या खोलीत संध्याकाळी आसपासच्या मुली अभ्यासाला बसतात. स्पर्धा परीक्षेचे फॉर्म, प्रवेशाचे फॉर्म, त्यांची फी, जातीच्या दाखल्यासाठी तहसीलला मारायच्या खेपा, हे ते दोघे करतात. रक्कम फार मोठी नसते. पण फॉर्मची शेवटची तारीख आणि घरातले रिकामे पाकीट एकाच आठवड्यात आले की एका मुलीचे वर्ष जाते, हे आपल्यातल्या प्रत्येकाला माहीत आहे.

मी काकांना विचारले, का करता? ते म्हणाले, “मेरा फॉर्म भी किसी ने भरा था.” चाळीसेक वर्षांपूर्वी एका कार्यकर्त्याने त्यांना फॉर्म आणून दिला होता, पैसेही भरले होते. काकूंना वेगळे विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, “मैं तो दसवीं भी नहीं कर पाई. ये लड़कियाँ कर लें तो समझो मेरा भी हो गया.”

एकाच घरातली ही दोन उत्तरे आहेत आणि ती एकसारखी नाहीत. काका परतफेड करतात; त्यांना कुणीतरी दिले होते. काकूंना कुणीच काही दिले नव्हते. त्या परतफेड करत नाहीत, त्या आपल्या वाट्याला न आलेली गोष्ट दुसरीच्या वाट्याला आणतात. ‘समाजाने दिले म्हणून परत देतो’ हे वाक्य आपण सहज बोलतो, तेव्हा आपण बहुधा काकांचीच बाजू बोलत असतो. ज्यांना समाजाने काहीही दिले नाही त्या बायकांनी या चळवळीला सर्वांत जास्त दिले आहे. त्यांच्या देण्याला आपल्याकडे धड शब्दसुद्धा नाही.

दाम्पत्याने दिले असे आपण म्हणतो, तेव्हा दोघांपैकी कुणी काय दिले हे विचारले पाहिजे. दुष्काळात, २० एप्रिल १८७७ ला, सावित्रीमाईंनी ओतूरहून जोतीरावांना पत्र लिहिले. त्या स्वतः जुन्नर भागात काम करत होत्या. लोकांचे हाल, सावकारांची वागणूक, सत्यशोधकांवर आलेले किटाळ, सगळे त्या कळवतात. हे पत्र कुणा ‘साथ देणाऱ्या’ बायकोचे नाही. मैदानात असलेल्या कार्यकर्तीचा तो अहवाल आहे. ३१ जुलै १८९० ला मामा परमानंदांनी सयाजीराव गायकवाडांना पत्र लिहिले, त्यात जोतीरावांपेक्षाही सावित्रीबाईंची थोरवी अधिक असल्याचे म्हटले. जोतीराव आजारी होते, घरात पैशांची ओढाताण होती, आणि समकालीन माणसाला हे दिसत होते की हे घर कुणाच्या श्रमावर उभे आहे.

साताऱ्याकडे पाहा. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांचे वसतिगृह सुरू झाले. तिथे मुलांना रांधून घालणाऱ्या लक्ष्मीबाई होत्या. पैसे संपले तेव्हा त्यांचे दागिने गेले, शेवटी मंगळसूत्रही गेले. १९३० मध्ये त्या वारल्या. संस्था वाढली, तिचे नाव झाले. मला त्या त्यागाचा आदर आहे. पण आपण आजच्या मुलींना तीच गोष्ट आदर्श म्हणून सांगत राहिलो, तर त्याचा अर्थ असा होतो की चळवळीची तूट बाईने अंगावरचे काढून भरायची. हे मला मान्य नाही.

चिनहटच्या काकूंकडे एक वही आहे. सुरुवातीची काही वर्षे काका कुणालाही न विचारता पैसे द्यायचे आणि महिनाअखेरीला डाळ-पीठ कमी पडायचे. भांडणे झाली. मग काकूंनी नियम केला. महिन्याला किती द्यायचे ते एक तारखेला दोघांनी ठरवायचे, वहीत लिहायचे, त्याच्या बाहेर एक रुपया नाही. त्या वहीमुळे हे काम इतकी वर्षे टिकले असे मला वाटते. उत्साहाने सुरू झालेली कामे आपण खूप पाहिली आहेत. ती हिशेबाअभावी बंद पडतात आणि घरातल्या अबोल्यामुळे तर त्याहून लवकर बंद पडतात.

बाबासाहेबांनी हा हिशेब आकड्यात सांगून ठेवला आहे. १५ ऑक्टोबर १९५६ ला, धम्मदीक्षेच्या दुसऱ्या दिवशी, नागपूरच्या भाषणात त्यांनी मिळकतीचा विसावा हिस्सा धम्मकार्याला देण्याचे आवाहन केले. विसावा हिस्सा म्हणजे शंभरातले पाच. पगार चाळीस हजार असेल तर दोन हजार. या आकड्याचा शहाणपणा पाहा. त्यांनी सर्वस्व मागितले नाही, मंगळसूत्र मागितले नाही. वीसपैकी एकोणीस हिस्से तुमचे, तुमच्या घराचे, मुलांचे. एक हिस्सा सर्वांचा. एवढे दिले की अपराधी वाटण्याचे कारण उरत नाही आणि एवढेही दिले नाही तर सबबीला जागा उरत नाही.

त्याच वर्षी १८ मार्चला आग्र्याला, म्हणजे याच उत्तर प्रदेशात, त्यांनी शिकलेल्या लोकांबद्दल खंत व्यक्त केली होती. ती खंत आपल्या समाजमाध्यमांवर इतक्यांदा फिरते की तिची शिवी झाली आहे. नोकरी लागलेल्या प्रत्येक पोराच्या तोंडावर ती फेकली जाते. माझी विनंती आहे की मार्चमधली खंत आणि ऑक्टोबरमधला विसावा हिस्सा एकत्र वाचा. एकात दुखणे आहे, दुसऱ्यात उपाय आहे.

हा उपाय पुढे कुठे गेला तेही पाहा. पुण्यातल्या संरक्षण खात्याच्या प्रयोगशाळेत कांशीराम साहेब नोकरीला होते. तिथे बुद्धजयंती आणि आंबेडकर जयंतीच्या सुट्टीवरून दीनाभानांनी जो संघर्ष केला त्यातून कांशीराम या कामाकडे वळले. दीनाभाना आणि डी. के. खापर्डे यांच्याबरोबर त्यांनी नोकरदारांना संघटित केले आणि ६ डिसेंबर १९७८ ला बामसेफ रीतसर स्थापन झाली. नोकरदाराने समाजाला पैसा, वेळ आणि बुद्धी द्यावी, हा तिचा पाया. ‘पे बॅक टू सोसायटी’ हे शब्द आपल्याकडे आले ते याच मार्गाने. पुण्यात रुजलेले हे रोप लखनौत वाढले. ३ जून १९९५ ला मायावती या राज्याच्या मुख्यमंत्री झाल्या. इथून जवळच गोमतीनगरात आंबेडकर स्मारकात फुले, शाहू, नारायण गुरू यांचे पुतळे आहेत. त्यामागे हजारो कारकून, शिक्षक, पोस्टमन यांचे छोटे छोटे हिस्से आहेत. काकांचा फॉर्म भरणारा तो कार्यकर्ताही त्यांतलाच.

लखनौची स्वतःची परंपराही आहे. भदंत बोधानंदांनी १९१६ मध्ये इथे भारतीय बुद्ध समिती स्थापली आणि रिसालदार पार्कात विहार उभा केला. चंद्रिकाप्रसाद जिज्ञासूंनी बहुजन कल्याण प्रकाशन चालवून स्वस्त पुस्तके छापली. कुणी विहार दिला, कुणी छापील कागद दिला. देणे म्हणजे फक्त रक्कम नव्हे, हे या शहराला जुने ठाऊक आहे.

आता एक कटू गोष्ट. देणाऱ्यांचे पुढे काय होते? १८९७ च्या प्लेगमध्ये सावित्रीमाईंनी यशवंतांसह हडपसरजवळ रुग्णांसाठी दवाखाना सुरू केला. मुंढव्याच्या पांडुरंग गायकवाड या महार मुलाला त्यांनी पाठीवर घालून आणले, त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्चला त्या गेल्या. काही वर्षांनी डॉ. यशवंतही गेले. मागे राहिलेल्या त्यांच्या पत्नी चंद्रभागाबाईंचे दिवस हलाखीत गेले. गंज पेठेतले घर विकावे लागले. ज्या घराने पस्तीस बाळंतिणींना आसरा दिला, त्या घरच्या सुनेला आसरा उरला नाही. आज तो वाडा राष्ट्रीय स्मारक आहे. आपण तिथे जाऊन फुले वाहतो. पण देणाऱ्या घराची काळजी घेणारी व्यवस्था आपण उभी केली का, हा प्रश्न तिथे गेल्यावर मनात आला पाहिजे.

बाबासाहेबांनी या प्रश्नाचे उत्तर संस्थेत शोधले. १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा, १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी, १९४६ मध्ये सिद्धार्थ महाविद्यालय, १९५० मध्ये औरंगाबादचे महाविद्यालय. एक घर किती दिवस जळत राहणार? संस्था असली की भार वाटला जातो. पण संस्थाही कोणती, यावर त्यांचे मत स्पष्ट होते. १४ नोव्हेंबर १९३२ ला बोटीतून अ. वि. ठक्करांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी सांगितले, की निवडक व्यक्तींना सुधारण्याच्या कामापेक्षा विहीर, शाळा, रोजगार यांवरचे समान हक्क मिळवण्यासाठी लढा द्यावा. त्यांचे ऐकले गेले नाही. पुढे १९४५ च्या पुस्तकात त्यांनी हरिजन सेवक संघाच्या परोपकारावर कठोर टीका केली. माणसाला उपकाराने बांधून त्याची लढण्याची इच्छा मारणारा परोपकार त्यांना नको होता.

म्हणून आपल्या देण्याची एक कसोटी मी सुचवते. आपण मदत केलेली मुलगी उद्या आपल्याशी मतभेद ठेवू शकते का? आपल्या पक्षाला मत न देता, आपल्या विहारात न येता, आपल्याला ‘सर’ न म्हणता ती आपल्यासमोर ताठ बसू शकते का? बसू शकत असेल तर ते देणे फुले-आंबेडकरी आहे. नसेल तर आपण रमणाच नव्याने भरवला; फक्त दक्षिणा घेणारे बदलले.

शेवटी व्यवहाराचे चार शब्द. माझे वडील सूतगिरणीत होते. मी दहावीनंतर बाहेरगावी शिकायला निघाले तेव्हा आमच्या वस्तीतल्या विहारात वर्गणी झाली होती. कुणी वीस दिले, कुणी पन्नास. पावतीपुस्तकावर सगळ्यांची नावे होती, माझे नाव मात्र कुणी फ्लेक्सवर लावले नाही. देणाऱ्यांची नोंद आणि घेणारीचा मान, दोन्ही त्यांनी सांभाळले. आपणही एवढेच करू. वह्या वाटताना मुलांचे फोटो काढू नका. पैसे देणार असाल तर जोडीदाराशी बसून आकडा ठरवा आणि लिहून ठेवा. जोडीदार नसेल तर दोन मित्र मिळून ठरवा. पैसे नसतील तर वेळ द्या. तुमच्या गावच्या एखाद्या मुलीला फोनवरून शिष्यवृत्तीचा फॉर्म भरून देणे हा एका रविवारचा प्रश्न आहे. शिष्यवृत्ती अडली तर पदरचे पैसे देऊन गप्प बसू नका; पैसे द्या आणि अर्जही करा, माहिती अधिकारात विचारा, पाठपुरावा करा. आपण खिशातून भरलेली प्रत्येक फी सरकारची जबाबदारी कमी करत असेल, तर आपण जोतीरावांचा निम्माच धडा वाचला.

आणि ज्यांच्या डोक्यावर आत्ता कर्ज आहे, ज्यांची फेलोशिप महिनोन्‌महिने आलेली नाही, घरी जे एकटेच कमावते आहेत, त्यांनी या वर्षी काहीही न देता नीट जगावे. पहिल्या पिढीच्या पदवीधराने तग धरणे हीसुद्धा वस्तीची मिळकत आहे. विसावा हिस्सा मिळकतीचा असतो, कर्जाचा नसतो.

बैठक संपल्यावर दारापाशी एक वही ठेवलेली आहे. या वर्षी कोण किती वेळ, किती पैसे, कोणत्या गावासाठी देऊ शकते ते तिच्यात लिहायचे आहे. कोरे पान सोडले तरी चालेल. पुढच्या तीन जानेवारीला तीच वही उघडून आपण हिशेब वाचू.

जय भीम. जय जोती, जय सावित्री.